दुसऱ्यांदा शिकलेली गाठ

सतरा एप्रिल, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

वेळ टिपून ठेवण्याची सवय गिरणीतली. माग बंद पडला की आधी वेळ लिहायची, कारण मागाहून शोधायचे, असा मागखात्याचा नियम होता. न्हाणीघराबाहेरच्या आरशासमोर उभा राहून मी गळ्यात बो-टाय टाकला, ती ही वेळ. कारण शोधण्यात दिवस गेला.

पार्सल आदल्या संध्याकाळी आले होते. माझी नात मृणाल पुण्यात कापडाचे नमुने तयार करण्याचे काम करते. तिचे लग्न अठ्ठावीस तारखेला, सोलापुरात. स्वागत समारंभात मुलीकडच्या सर्व पुरुषांनी एकाच लाल-काळ्या कापडाचे बो-टाय घालावेत, अशी तिची योजना. इतरांसाठी तिने बांधून शिवलेले, मागे हुक असलेले पाठवले. माझा मात्र न बांधलेला होता. एक लांब पट्टी, दोन्ही टोकांना रुंद, मध्ये निमुळती. सोबत चिठ्ठी होती. "आजोबा, बाकीच्यांना हुकवाले, तुम्हाला खरा. तुमचा गिरणीतला फोटो मी सगळ्यांना दाखवलाय. मुलाकडच्यांना सांगून ठेवलंय, आमचे आजोबा डोळे मिटून गाठ मारतात."

तो फोटो मला ठाऊक आहे. मागखात्याच्या दारात मी उभा आहे. वय चौतीस. चेहऱ्यावर हसू नाही, गळ्याला बो-टाय आहे, सरळ आणि नीट. तो बांधणारा हात फोटोत नाही.

सोलापुरात एप्रिल सकाळी सहालाच सुरू होतो. छताच्या टाकीतले पाणी रात्रभरात निवत नाही. कडुलिंबाचा मोहोर गळून पायऱ्यांवर पिवळी भुकटी पडते आणि तिच्या कडसर वासात शेजारच्या कूलरच्या भिजल्या गवताचा वास मिसळतो. हा दुसरा वास मला आवडत नाही. मागखात्यात उन्हाळ्यात हवेवर पाण्याचा फवारा मारत, तेव्हा कापसाची भिजलेली धूळ आणि सुताला लावलेली खळ यांचा असाच वास येई. चाळीसहून अधिक वर्षे झाली. एप्रिल आला की तो वास येतो, आणि मी खिडकी लावून घेतो.

मी गाठी मारतच मोठा झालो. वीणकराची गाठ न दिसण्यासाठी असते. ती इतकी बारीक हवी की मागावरच्या फणीच्या दोन काड्यांमधून न अडकता निघून जावी, आणि इतकी पक्की की मागाने कितीही ताण दिला तरी सुटू नये. ज्याची गाठ कापडात सापडत नाही तो चांगला कारागीर. बो-टायची गाठ याच्या उलट वृत्तीची. ती दिसावी म्हणूनच मारायची. लांब टोक आखूड टोकावरून घ्यायचे, गळ्याखालून वर काढायचे, आखूड टोकाची आडवी घडी करायची, तिच्यावरून लांब टोक खाली सोडायचे. इथपर्यंत सर्व डोळ्यांसमोर घडते. शेवटची पायरी आंधळी आहे. लांब टोकाची घडी अंगठ्याने ढकलून मागच्या फटीतून पलीकडे काढायची असते. ती फट आरशात दिसत नाही. तिथे फक्त अंगठा पोचतो.

माझा पोचला नाही. डावा अंगठा फटीजवळ जाऊन थांबला. मी त्याला पुढे जायला सांगत होतो आणि तो ऐकत होता, पण जात नव्हता. आरशात हात उलटे दिसतात म्हणून चुकते, असे मी ठरवले. आरशाकडे पाठ केली. पुन्हा तेच. सात वेळा केले. आठव्या वेळी आखूड टोकच हातातून निसटले.

"अहो, चहा निवतोय," माझी पत्नी सुमन स्वयंपाकघरातून आली आणि दारात थांबली. "हे काय, सकाळी सकाळी गळफास?"

"नातीचा हट्ट."

"तिला सांगा की हुकवालाच पाठव म्हणून. उन्हानं माणूस अर्धमेला झालाय, त्यात हे कशाला?"

"उन्हाचा आणि गाठीचा काय संबंध?"

ती आत आली. कप माझ्या उजव्या हाताशी ठेवून गेली. कप अर्धाच भरलेला होता. मी तो प्यालो. बराच काळ तो अर्धाच भरलेला येत होता.

उन्हाळा आहे, असे तो फोटो काढला त्या वर्षीही सगळे म्हणत.

माझा थोरला भाऊ मल्लिनाथ. आम्ही त्याला अण्णा म्हणत असू. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर सातवीतून शाळा सोडून तो गिरणीत लागला, म्हणून मी कापड-विद्येची पदविका घेऊ शकलो. मी अधिकारी म्हणून त्याच खात्यात आलो तेव्हा तो सांधणीवर होता. मागावरचा ताणा, म्हणजे उभे सूत, संपत आला की नव्या बीमच्या, सूत गुंडाळलेल्या रुळाच्या, तारा जुन्या तारांना एकेक करून सांधायच्या, हे त्याचे काम. तारा हजारो असत. तो मागामागे मांडी घालून बसे, ओठांत छोटी कातर धरून, आणि त्याची बोटे पावसाच्या थेंबांसारखी एका लयीत पडत. प्रत्येकाच्या गाठीला त्याची खूण असते. अण्णा गाठीची शेपटे इतकी आखूड कापी की बोट फिरवले तरी लागत नसत. वीणकराची गाठ मला त्यानेच शिकवली.

मागखात्यात आवाजाचा उपयोग नसतो. शेकडो माग एकदम चालले की माणसाचे तोंड नुसते हलते. म्हणून तिथे हातांची भाषा होती. मूठ डोक्यावर ठेवली की साहेब आले. दोन बोटे ओठांवर, विडी. एक तळवा दुसऱ्या तळव्यावरून पुसला की बीम संपला. या भाषेत अण्णासारखा वक्ता नव्हता. खात्याच्या एका टोकाहून तो हातांनी टोमणे मारी आणि दुसऱ्या टोकाची माणसे माग सोडून हसत. माझ्या पहिल्या दिवशी त्याने हातांनीच जाहीर केले की हा माझा धाकटा आहे, शिकलेला आहे, याला शिव्या देताना बोटे जपून हलवा.

बो-टाय आमच्या खात्यात हौसेने आला नव्हता. खातेप्रमुखाने, म्हणजे मास्तराने, टाय लावावा असा गिरणीचा दंडक होता आणि लांब टाय मागाजवळ चालत नसे. त्याचे कारण मी डोळ्यांनी पाहिले. यंत्रे तपासायला आलेला एक तरुण इंजिनिअर एकदा मागावर वाकला. टायचे टोक दातेरी चाकांत गेले. त्याची मान एकेक दात खाली जाऊ लागली. तो ओरडला असेल. ऐकू कोणाला येणार? अण्णा तीन माग पलीकडे बसलेला होता. तो कधी उठला ते मी पाहिले नाही. कातर गाठीशी लागलेली तेवढी पाहिली. टाय चाकांत गेला, माणूस मागे पडला, गळ्याला ओरखडाही नव्हता. अण्णाने बोटांनी डोक्यावर दोन शिंगे करून हात झटकले. बकरा वाचला. सगळे खाते हसले. ही गोष्ट हिवाळ्यातली. तेव्हा त्याच्या हाताला वेळ लागत नव्हता.

जुने मास्तर नेहमी बो-टाय बांधत. गुढीपाडव्यानंतर ते निवृत्त झाले आणि खाते माझ्याकडे आले. चौथ्या दिवशी संचालक पाहणीला येणार होते. मला बो-टाय बांधता येत नव्हता आणि हे मी कोणाला सांगणार नव्हतो. अण्णाने न सांगता ओळखले. जुन्या मास्तरांनी टाकून दिलेला एक बो-टाय त्याने मिळवला, घडीघडीने उलगडून पाहिला, आणि दोन दिवसांत त्याला ती गाठ कळली. त्याच्या दृष्टीने तीही सांधणीच होती.

पाहणीच्या सकाळी त्याने मला खाटेवर बसवले.

"मान वर कर की धाकट्या. मास्तर झालास म्हणून मान आखडली व्हय?"

"लवकर आटप. भोंगा होईल."

"भोंगा थांबतोय. हितं मास्तरच बसलाय न्हवं का."

त्याने सावकाश एकेक पायरी सांगत गाठ मारली. उलगडली. माझ्याकडून मारून घेतली. नीट बसली नाही, म्हणून शेवटी स्वतःच बांधली. गाठ झाल्यावर ती सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी तो थोडा मागे झुकला आणि डाव्या हाताचा अंगठा माझ्या गळ्यावर टेकवून थांबला.

त्या थांबलेल्या अंगठ्याला कंप होता. गळ्याच्या कातडीखाली एखादे पाखरू अडकावे तसा तो लागत होता. काम करताना हात स्थिर होता. थांबला तेव्हा हलू लागला. मी श्वास धरला. त्यालाही ते कळले असावे, कारण त्याने हात काढून मांडीखाली घेतला.

"साकु," तो म्हणाला. आमच्या घरची भाषा निम्मी कानडी. साकु म्हणजे पुरे.

"ऊन फार आहे," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "ऊन लई हाय."

फोटो त्याच दिवशी काढला.

त्या उन्हाळ्यात सूत खरोखरच तुटत होते. हवा कोरडी पडली की सूत ठिसूळ होते, हे शास्त्र आहे. फवारे दुप्पट केले तरी दुपारी एकापाठोपाठ एक माग थांबत. कापड तपासणीच्या मेजावर, खालून दिवा लावलेल्या काचेवर, थानामागून थान उलगडले जाई आणि त्यात उभ्या, केसासारख्या बारीक फटी दिसत. तुटलेली तार तशी फट सोडते. तपासनीस म्हणत, मास्तर, उन्हाळा. मीही तेच लिहीत असे. वैशाखात एक थान मी स्वतः काचेवर घेतले. फटीच्या तोंडाशी तार तुटलेली नव्हती. गाठ सुटलेली होती. शेपटे आखूड कापलेली, बोटाला न लागणारी.

त्या मेजापाशी मी किती वेळ उभा होतो, ते टिपलेले नाही.

मी अण्णाला काही बोललो नाही. त्याची पाळी सुटली की दुसऱ्या पाळीतले दोघे त्याच्या बीमवर बसवून कच्च्या वाटतील त्या गाठी पुन्हा मारून घेऊ लागलो. त्यांना सांगितले की संचालकांचा हुकूम आहे. चैत्रात गळ्याला तो अंगठा लागल्यापासून आषाढापर्यंत तीन महिने मी रोज सकाळी आरशासमोर बो-टाय बांधत होतो. गाठ छान बसू लागली होती. खात्यात अण्णाचे हात अडखळत बोलू लागले होते. टोमणा पोचेपर्यंत हसण्याची वेळ निघून जाई. माणसे तरीही हसत; त्यांना तो आवडत असे. माझ्या न बोलण्याला मी दया समजत होतो.

मृग लागला, हवेत ओल आली, सुताला जीव आला. सगळ्यांचे माग चालू लागले आणि अण्णाने सांधलेले तेवढे थांबत राहिले. ऊन संपले आणि निमित्तही संपले. एका सोमवारी मी आदेश काढला: सांधणीच्या कामावरून गोदामात बदली. खाली माझी सही. शिपायाने तो फलकावर लावला. अण्णाने तो इतर सर्वांबरोबर, गर्दीत उभा राहून वाचला. सकाळी आम्ही एकाच घरातून, एकाच रस्त्याने चालत गिरणीत आलो होतो.

सांधणीवरून उतरणारा माणूस आपली कातर मास्तरांच्या मेजावर ठेवतो, अशी रीत होती. दुपारी तो आला. खात्याच्या कोपऱ्यातल्या माझ्या मेजावर त्याने कातर ठेवली. आवाजात बोलता येत नव्हते. त्याने डावा तळवा पुढे धरला आणि उजवा त्यावरून पुसायला गेला. पहिल्यांदा तळवा तळव्यावर आला नाही. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबला. तिसऱ्यांदा झाले. बीम संपला.

मी मान हलवली. गळ्याशी गाठ होती, मान फार हलत नव्हती. त्या दिवसानंतर मी बो-टाय बांधला नाही. दंड भरत राहिलो, पण बांधला नाही.

आजाराचे नाव घरात तीन वर्षांनी आले: कंपवात. त्यानंतर अण्णा अकरा वर्षे जगला. वहिनी त्याच्या सदऱ्याची बटणे लावत. आधी कळले असते तर औषधाने काही बरी वर्षे मिळाली असती, असे डॉक्टर मला एकट्याला म्हणाले. मी ते घरात सांगितले नाही.

हे सर्व सतरा एप्रिलच्या सकाळी मला आठवले असे नाही. हे नेहमीच आठवत असते. त्या सकाळी मी फक्त असे ठरवले की कापड ताठ आहे. दहा वाजता बो-टाय पिशवीत घालून मी विजापूर वेशीजवळ रशीदभाईंकडे गेलो. ते माझे कपडे वीस वर्षे शिवतात.

"आओ मास्तर, बैठो. इत्ती धूप में निकले? फोन करते तो मैं आ जाता."

"कापड ताठ आहे. आतले अस्तर बदलून द्या. गाठ बसत नाही."

त्यांनी पट्टी दोन बोटांत चोळली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि ती आपल्या गुडघ्याभोवती घेऊन एका दमात बांधली. चार हालचाली. गुडघ्यावर लाल-काळे फुलपाखरू बसले.

"कपडा तो मख्खन है, मास्तर. नातीने जमाया. लग्नसराई में ऐसे रोज दो-चार बांधतूं मैं." मग माझ्याकडे पाहून हसले. "कायकू जान खपातें? पीछे इलास्टिक लगा देतूं. सर में से डालो, बस. नवरदेव जल जाएगा तुमारा रुबाब देखको."

"इलास्टिक नको."

"नको तो नको. वो पैजामे का इलास्टिक ठीक बैठा ना?"

"कोणत्या पायजम्याचे?"

"तुमारेच की. दिवाली के बाद भाभी छे के छे लाको दिये. नाड़ा निकालो, इलास्टिक डालो बोले. इनसे गठान छूटती नहीं बोलको..."

इथे ते थांबले. दोरा दातांत धरून त्यांनी सुई ओवायला घेतली. सुई आधीच ओवलेली होती.

मी बो-टाय त्यांच्या गुडघ्यावरून उतरवून घेतला. "बरोबर बसले आहे," मी म्हणालो.

दुपारी बाराला रस्ता पांढरा दिसत होता. रिक्षात बसलो. घरी पोचलो तेव्हा सुमन वाचनालयात गेली होती; शेजारणीने तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून दिले. मी तपासणी सुरू केली. ती मला येते. फक्त मेजाखाली दिवा हवा असतो, आणि तो आता लागलेला होता.

पायजमे सहा, सर्वांना इलास्टिक. सुमन म्हणाली होती, नाड्या धुण्याच्या यंत्रात अडकतात. नाडीच्या बुटांच्या जागी सरकवून घालायचे जोडे. पायांना हवा लागू द्या की. मनगटी घड्याळाला चामड्याच्या पट्ट्याऐवजी ताणला जाणारा धातूचा पट्टा, जुना तुटला. अर्धा कप चहा, पित्त वाढते. दाराचे कुलूप गेले कित्येक महिने तीच उघडते. किल्ली तिच्या पर्समध्ये असते म्हणून. प्रत्येक कारण नीट होते. एकेक घेतले तर एकही दोष नाही. थान पूर्ण उलगडल्यावर फट दिसली.

भिंतीवर दिनदर्शिका आहे. तिच्या चौकटींत मी रोज दुपारी तापमान आणि हवेचा एका ओळीचा शेरा लिहितो. कोणाच्या उपयोगाचा नाही, खात्यातली सवय. गेल्या वर्षीची दिनदर्शिका त्याच खिळ्याला मागे अडकवलेली होती. मी दोन्ही काढून खाटेवर पसरल्या. गेल्या वर्षीच्या जानेवारीत माझी अक्षरे चौकट भरून होती. पावसाळ्यात ती थोडी लहान झाली. दिवाळीत ती ओळ सोडून कोपऱ्यात गेली होती. कोरे कापड पहिल्या पाण्यात आटते, तशी महिन्यामहिन्याने अक्षरे आटली होती. काल, सोळा एप्रिलला मी काय लिहिले आहे, ते मला चष्मा लावूनही वाचता आले नाही.

खाटेवर डावा हात ठेवलेला होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो थांबलेला होता, आणि अंगठा चालू होता.

सुमन सहाला परत आली. पाणी प्यायली. खाटेवरच्या दोन दिनदर्शिका तिने पाहिल्या आणि पर्स न ठेवता तशीच उभी राहिली.

मी कपाटातून अण्णाची कातर काढली. इतकी वर्षे ती एका रुमालात आहे. पाते गंजलेले नाही. मी तेल देतो. ती मी तिच्यासमोर मेजावर ठेवली.

"हे मला कशाला?" ती म्हणाली. "कोथिंबीर कापू?"

मेजावर ठेवलेल्या कातरीचा अर्थ घरात कोणाला माहीत असणार? गिरणी नव्हती, आवाजही नव्हता. बोलावे लागले.

"डावा हात," मी म्हणालो. "तुला कधी कळले?"

ती खुर्चीवर बसली. "दिवाळीत. पणत्या लावताना. वात तुमच्या हातातून तीनदा पडली. तुम्ही म्हणालात, वारा आहे. वारा नव्हता हो."

"सहा महिने."

"हो."

"बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? तुम्हाला कोण बोलणार?" मग तिचा आवाज बदलला. "आणि तुम्ही तरी कुठं बोललात अण्णांना?"

मी मेजावरची कातर सरळ केली.

"अण्णा मला बोलले होते," ती म्हणाली. "गोदामात बदली झाली त्या आठवड्यात. म्हणाले, धाकट्यानं दोन महिनं माझ्या गाठी दुसऱ्यांकडनं मारून घेतल्या. मला ठाव हाय की. सकाळी माग बघितला की कळतंय, आपली गाठ कुठली न् दुसऱ्याची कुठली. मी गप बसलो. म्हटलं, तो कधी बोलतोय बघू. रोज रस्त्यानं संगट जायचो, वाटायचं आज बोलंल." तिने पर्स मांडीवरून उचलून मेजावर ठेवली. "कोणाला सांगू नको म्हणाले. म्हणून नाही सांगितलं."

"मग आज का?"

"मीही रोज वाट बघत होते, तुम्ही कधी बोलताय."

मी उठून पाणी प्यालो. पेला दोन्ही हातांनी धरला. लपवण्याचे काही उरले नव्हते.

डॉक्टरांचा फोन लागला. नंबर तिने लावला, बोललो मी. काय होते आहे ते पूर्ण वाक्यांत सांगितले, अण्णाच्या आजाराचे नावही. उद्या सकाळी दहाला या, असे ते म्हणाले. हा आजार भावाला झाला म्हणजे होतोच असे नाही, असेही म्हणाले. त्यांनी पाहिलेले नाही. मी पाहिले आहे.

मग मृणालला फोन केला. तिने आधी विचारले, "आजोबा, जमला?"

"नाही. डावा अंगठा ऐकत नाही. उद्या डॉक्टरांकडे जातो आहे."

"मी हुकवाला पाठवू?" ती म्हणाली. ती रडत असावी. मी विचारले नाही.

"नको. हाच बांधेन. वेळ लागेल. मुलाकडच्यांना सांग, डोळे उघडे ठेवून बांधतात."

संध्याकाळ उतरल्यावर मी पुन्हा आरशासमोर उभा राहिलो. सुमन बाजूला उभी राहिली. लांब टोक आखूडावरून घेतले, वर काढले, घडी केली, खाली सोडले. शेवटच्या पायरीला अंगठा फटीशी जाऊन थांबला. मी थांबलो. तिने आपले बोट मागून घातले, घडीचे टोक पकडले आणि पलीकडे ओढले. अण्णाने ज्या जागी अंगठा टेकवला होता तिथे तिची नखे लागली.

बो वाकडा बसला. डावा पंख उजव्याहून मोठा, आणि गाठीत एक सुरकुती.

"राहू दे," ती म्हणाली.

"राहू दे," मीही म्हणालो. कापडाच्या बाबतीत हा शब्द मी आयुष्यात उच्चारला नव्हता.

तो सोडवायला दोघांना मिळून चार मिनिटे लागली. पट्टी तिने हातानेच सपाट करून कपाटात टांगली. कातर मेजावरच राहिली. मी दिनदर्शिका पुन्हा खिळ्याला लावली, पेन घेतले आणि अठरा एप्रिलच्या चौकटीत लिहिले: डॉक्टर, सकाळी दहा.

"वाच," मी सुमनला म्हणालो.

ती दारापाशी उभी होती. तिने डोळे बारीक केले. "नाही दिसत हो."

मी ते खोडले आणि पुन्हा लिहिले, मोठ्या अक्षरांत, दारापासून वाचता येईल असे. अक्षरांना एकोणीस तारखेचीही चौकट लागली.